तू फोनवर जे म्हणालीस

विओरिकाताई,

बेर्गामोहून तुझ्या मिओआराचा नमस्कार. मला ताप नाही, खोकला नाही. फोनवर बोलायचं राहिलं, ते लिहितेय.

मी सांभाळायचे त्या एर्सिलियाआजी या साथीत गेल्या. अँब्युलन्समध्ये चढवताना माझा हात सोडत नव्हत्या. त्यांचा मुलगा रस्त्यापलीकडून ओरडला, "तू जाऊ नकोस, घर कोण धुणार?" घर धुऊन झाल्यावर तोच म्हणाला, "आता रोमानियाला जा. तिथे तुझी माणसं आहेत."

म्हणून तुला फोन केला, तर तू म्हणालीस, "इस्टरला येऊ नकोस गं. लोक म्हणतात, इटलीवाले रोग आणतात." ताई, लोक म्हणतात, की तू?

शेजारच्या बाईंनी गॅरेजमध्ये खाट टाकून दिलीय. ताट दाराबाहेर ठेवतात आणि लांबूनच विचारतात, "जेवलीस का?" हे तू विचारलं नव्हतंस.

आईचे गुडघे कसे आहेत? माझ्या खोलीत बटाटे भरलेस का? भर, रिकामीच आहे.

आई वाट बघत असेल. तू नको म्हणालीस, हे तिला कळू देऊ नकोस. मिओआराच नाही म्हणाली, असं सांग. माझ्यावर रागावली तर चालेल. तिला राहायचं तुझ्याकडेच आहे.

तुझी धाकटी,
मिओआरा