तिसरं रीळ

रविवार, ९ जानेवारी १९८३

जाऊन आले एकदाची. पार्ल्याच्या शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या, आणि चित्रास्वाद मंडळाचा जपानी सिनेमांचा मोसम. विमलाच्या कार्डावर गेले. कार्ड मार्चपर्यंत चालतं. विमला ऑक्टोबरातच गेली.

माझी धाकटी बहीण अकरा वर्षं, एका रविवाराआड, मरोळहून दोन बस बदलून इथे येत होती. काय मिळत होतं तिला, ते बघायचं होतं. मिळालं नाही. आज ओझू नावाच्या दिग्दर्शकाचा होता. माणसं बसतात, उठतात, पुन्हा बसतात. कॅमेराही त्यांच्याबरोबर चटईवर बसलेला — उठायचं नाव नाही! मुलीचं लग्न जमवायचं तर आमच्याकडे याहून जास्त आवाज होतो.

आधी सेक्रेटरी बोलला. चंद्रप्रकाश. खादीचा झब्बा, दाढी, न पेटवलेला पाइप. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो म्हणे. म्हणाला, कुरोसावाचा पाऊस पाहावा, मिझोगुचीच्या बायका पाहाव्यात आणि ओझूचं मौन ऐकावं. मौनावर पाऊण तास बोलला.

शेजारी प्रेमा, विमलाची इथली मैत्रीण. बोरीवलीहून येते. सगळा वेळ नाक रुमालात. म्हणाली, विमलाताई याच खुर्चीत बसायच्या. मी म्हटलं, खुर्ची मोडकी आहे.

सोमवार, १० जानेवारी

त्या सिनेमातलं रिकामं स्वयंपाकघर सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही. चीड येते.

रविवार, २३ जानेवारी

अपमान! भर सभेत!

नीट लिहून ठेवते. आजचा दिग्दर्शक ओझूच्याच काळातला, नाव तीनदा ऐकूनही मला लिहिता येत नाही. गोष्ट एका घराची. थोरली सून सगळ्यांचं करते आणि मग आजारी पडते. सिनेमा पाच डब्यांत येतो, यंत्र एकच. रीळ संपलं की दिवे लागतात, ऑपरेटर हरेश्वर पुढचं चढवतो, तोवर मंडळी एकमेकांना अर्थ सांगतात.

दोन रिळं झाली. पुढच्या रिळात ती सून मेली. मागच्या खोलीत, कोणी जवळ नसताना. नंतर घरचे तिच्या अंथरुणाची घडी घालतात — फार नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. त्या घडीवर दिवे लागले. एवढं मात्र चांगलं होतं. तो कॅमेरा हलवला नाही तेही बरं केलं.

दिवे गेले आणि पुढच्या रिळात ती स्वयंपाकघरात मुळा चिरत उभी!

प्रेमानं माझा हात धरला. मीही बघत राहिले, खोटं कशाला लिहू. तिनं चहा ओतला, नणंदेला काहीतरी सांगून हसली. घरात कोणालाच नवल नाही. मग डॉक्टर आला आणि खाली इंग्रजीत अक्षरं उमटली : खोकला किरकोळ आहे, काळजी नको.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी हात सोडवून घेतला.

शेवटी चंद्रप्रकाश उभा राहिला, डोळे पुसून. म्हणाला, या दिग्दर्शकानं मृत्यूची सत्ताच नाकारली आहे. मी उठले. म्हटलं, "तुम्ही चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी लावलंत. डॉक्टर मेलेल्या बाईला खोकल्याचं सांगतोय."

हशा. मागून एक टवाळ : "आजी, डुलकी लागली होती का?"

चंद्रप्रकाश अगदी गोड आवाजात म्हणाला, "मालनबाई, हा हिंदी सिनेमा नव्हे. इथे काळ सरळ रेषेत चालत नाही."

"काळ कसाही चालू दे. रिळं सरळ चालवा."

"डब्यांवरचे आकडे जपानी असतात, ते मला वाचता येतात, मी स्वतः क्रम लावला," असं तो म्हणाला. वर पुन्हा हसला. मी हरेश्वरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब देतात तो डबा मी लावतो बाई. माझं लक्ष पट्टी तुटते का तिकडे."

सोमवार, २४ जानेवारी

मृत्यूची सत्ता नाकारली!

हाच चंद्रप्रकाश ऑक्टोबरात आमच्या दारात हात जोडून उभा होता. फार वाईट झालं, म्हणाला. तेव्हा नाकारायची होती. इस्पितळाच्या कागदावर सही मी केली. विमलाचा चष्मा आणि बांगड्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या, त्या मी आणल्या. मेलेलं माणूस मुळा चिरायला परत येत नाही. हे कळायला जपानपर्यंत जावं लागत नाही. आणि दीडशे शिकलेली माणसं मान डोलावत बसली — वा, काय मांडणी!

शुक्रवार, २८ जानेवारी

प्रेमा घरी आली. कमिटीचा निरोप घेऊन. मी झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी सांगावी, नाहीतर विमलाचं कार्ड परत करावं. ते माझ्या नावावर नाही, सवलत म्हणून चालवून घेतलं म्हणे. सवलत!

कार्ड देणार नाही. एवढ्या वर्षांत विमलानं स्वतःसाठी म्हणून धरलेली ती एक खुर्ची. ती मार्चपर्यंत तिची आहे आणि तिथे मी बसणार. सिनेमे आवडोत न आवडोत.

प्रेमा म्हणाली, "ताई, दोन शब्द बोलून टाका ना. काय बिघडतं?"

"बिघडलंय ते रीळ."

"असेल. पण मला ना, ती परत आली तेव्हा बरं वाटलं."

तिला चहा न विचारताच घालवलं. उंबऱ्यात चप्पल घालताना पुन्हा रडली. या बाईच्या डोळ्यांना नळ बसवलाय की काय!

गुरुवार, ३ फेब्रुवारी

चंद्रप्रकाशला हॉलवर गाठलं. म्हटलं, प्रिंट अजून तुमच्याकडे आहे. रविवारी तिसरं-चौथं मी सांगते तसं लावा. मी चुकले तर कार्ड तुमच्या टेबलावर ठेवून जाईन. बरोबर ठरले तर तुम्ही सगळ्यांदेखत कबूल करा आणि खुर्ची माझी.

पाइप तोंडातून काढून म्हणाला, "तुम्हाला सिनेमा जिंकायचाय की बघायचाय?"

"आधी जिंकते."

कबूल झाला. माझी जिरवायचा मोका सोडतोय थोडाच.

शनिवार, ५ फेब्रुवारी

उद्या. उत्तरं तयार आहेत, तो काय म्हणेल आणि मी काय म्हणेन. बाजारात मुळे आले होते. घेतले नाहीत.

रविवार, ६ फेब्रुवारी

मी बरोबर होते. क्रमानं लावला तर सगळं बिनचूक जुळलं. ती हसते, डॉक्टर येतो, ती मरते, घडी घालतात, आणि मग शेवटपर्यंत ते घर तिच्याशिवाय चालतं. कुठेही परत येत नाही. चंद्रप्रकाशनं उभं राहून चूक मान्य केली. टाळ्यासुद्धा झाल्या. कार्ड माझ्याकडेच.

सगळे गेल्यावर हरेश्वर डबे भरत होता. त्याला म्हटलं, तिसरं पुन्हा लाव.

तो म्हणाला, "आता शेवटी? बाई, त्यात तर ती जिवंत आहे."

लाव, म्हटलं.