पोस्टरला हाक मार

दादास,

रागानंच लिहितेय, पण ठणठणीत आहे, हे आईला आधी सांग.

माझा कुस्तीतला फोटो उतरवून तिथं क्रिकेटपटूचं पोस्टर लावलंस. वर आईला म्हणालास, “त्याला सारं जग ओळखतं, हिला गल्लीत तरी कोण विचारतं?”

इथं परदेशात, मी काम करते त्या लाँड्रीत, तुझ्या जगप्रसिद्धाचा फोटो सगळ्यांना दाखवला. इस्त्रीवाली म्हणाली, “नवरा का गं तुझा?” फुटबॉलवाल्याचा दाखवला, तर सगळ्यांनी लगेच ओळखला. हे तुझं जग!

मला कोणी ओळखत नाही, कबूल. पण आईचा गुडघा आखडला, तेव्हा तिला पाठीवर घेऊन जिना मी उतरले. तू मॅच बघत होतास.

आता कसा आहे गुडघा? पुन्हा आखडला, तर पोस्टरला हाक मार.

गल्लीतही कोणी न विचारणारी,
तुझी धाकटी