मागच्या दाराची किल्ली

४ नोव्हेंबर
पुन्हा तेच! क्लबात शिरले तीनशे बारा, बाहेर पडले तीनशे तेरा. माणूस दारातून गेला की यंत्राचं बटण दाबायचं, एवढं साधं काम. दारावरचा माझा जोडीदार पहिलवान म्हणतो, "डुलकी लागली असेल तुला." मला? बायकांच्या पर्स चाचपून चाचपून माझी बोटंसुद्धा झोपेनाशी झालीत!

६ नोव्हेंबर
तीनशे चाळीस आत. तीनशे एक्केचाळीस बाहेर.

८ नोव्हेंबर
सापडला! कडक इस्त्रीच्या शर्टवाला. शेवटी निघाला — आत येताना मी त्याला पाहिलंच नव्हतं. पहिलवानाने झडती घेतली. एक रुमाल, बस. नाचत नाही, पीत नाही. माझी धाकटी बहीण बारवर असते, ती म्हणाली, "ताई, तो नुसता खांबाला टेकून माणसं बघतो गं." मागच्या दारातून येत असणार. सिगारेटवाले वीट लावून ते उघडं ठेवतात.

पोलिसांना फोन केला. "पण त्याने केलं काय?" काय सांगणार, कपाळ! रिकाम्या खिशांची तक्रार कोण लिहून घेतं?

११ नोव्हेंबर
मॅनेजरशी कडाक्याचं भांडले. तो म्हणे, "आग लागली तर पळायचं दार आहे ते. कुलूप चालत नाही." म्हटलं, आग लागेल तेव्हा लागेल, हा रोज येतोय! धाकटी त्या दारापासून चार पावलांवर उभी असते. तिला काही झालं तर मी आईला तोंड कसं दाखवू? हट्टालाच पेटले. शेवटी वैतागून म्हणाला, "लाव. किल्ली तुझ्याकडे, जबाबदारीही तुझी."

किल्ली कमरेच्या पट्ट्याला अडकवली. धाकटी फिदीफिदी हसली — "सासूबाई शोभतेस अगदी!" हसू दे.

१३ नोव्हेंबर
दोनशे नव्वद आत, दोनशे नव्वद बाहेर. जीव भांड्यात पडला.

१५ नोव्हेंबर
आज तो पुढच्या दाराने आला. रांगेत उभा राहिला, हात वर करून गुणी मुलासारखी झडती दिली. तोच रुमाल. जाताना माझ्या कमरेकडे बघून म्हणाला, "मागचं दार बंद केलंत. बरं केलंत." इतक्या गोड आवाजात की अंगावर काटा आला.

मग कळलं, त्याने पहिलवानाला विचारलं होतं, "ताईंची सुट्टी कधी?" आणि या शहाण्याने सांगूनही टाकलं — बुधवारी!

१८ नोव्हेंबर
सुट्टीच्या दिवशी किल्ली मॅनेजरच्या खोलीत खुंटीवर ठेवायची असं ठरलंय. पण त्या शर्टवाल्याचा डोळा किल्लीवरच आहे, आता मला पक्कं कळलंय. खुंटीवरून उचलायला कितीसा वेळ लागतो? मी नाही ठेवली. कुणाला न सांगता घरी आणली. उद्या मनसोक्त झोपणार.

२७ नोव्हेंबर
त्या बुधवारी तो पुढच्याच दाराने आला. बंदूक हातात, लपवलीसुद्धा नव्हती. पहिलवान आडवा गेला, तिथेच संपला. आतले सगळे मागच्या दाराकडे धावले. धाकटी सगळ्यांच्या आधी पोचली होती म्हणे.

माझ्या फोनवर तिचे अकरा मिस्ड कॉल. मी झोपले होते. कितीतरी दिवसांनी, गाढ. किल्ली उशाखाली ठेवून.