चालू औषधं : नाही

सर, आज माझ्या डोंबिवलीच्या दवाखान्यात कॅन्सरची औषधं घेणारा एक माणूस आला. डोळा जेमतेम गुलाबी, दुखणंही बेताचं, तरी मी बुबुळावरचा ठिपका खरवडून काचपट्टीवर घेतला. ज्याच्या अंगात प्रतिकाराची ताकद नाही त्याचा डोळा धड लालसुद्धा होत नाही, हे तुम्ही मला शिकवलंत. कोपर गावच्या त्या बाईंनंतर शिकवलंत.

तुमच्या नौपाड्यातल्या दवाखान्यात मी तेव्हा नवीन होते. केसपेपर मी लिहायचा आणि तो वाचूनच तुम्ही पेशंटकडे बघायचं, अशी पद्धत. भातकापणीत बाईंच्या डोळ्याला पात लागलेली. "बाय, मना भावान किडनी दिलीय, त्याच्या गोल्या चालू हान," त्या म्हणाल्या. बाहेर बाकं भरलेली, मी डोळ्याचं विचारतेय आणि या भावाचं कौतुक सांगत बसल्यात. मी वैतागले. 'चालू औषधं'पुढे सवयीनं 'नाही' लिहून टाकलं. तुम्ही कागद वाचलात, ठिपका लहान, लाली कमी, म्हणून साधे थेंब दिलेत. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या त्या गोळ्यांचं ठाऊक असतं तर तुम्ही नमुना घेतल्याशिवाय त्यांना उठू दिलं नसतं.

आठ दिवसांनी त्या परत येतात. बुबुळ पांढरंफटक, आत पू. तुम्ही नमुना घेता, सूक्ष्मदर्शकावरून मान वर करता. "बुरशी आहे. आत पोचलीय." मग खोदून विचारल्यावर गोळ्या निघतात आणि तुमचा आवाज चढतो. "अहो, एवढ्या गोळ्या खाता आणि डॉक्टरपासून लपवता? स्वतःच्या हातानं डोळा घालवलात!" बाई एकदा माझ्याकडे बघतात. मी काचपट्ट्या पुसत राहते. "चुकलं डाक्टर," त्या म्हणतात.

मुंबईला नेऊनही उपयोग झाला नाही, डोळा काढावा लागला. "पेशंट लपवतात, लक्षात ठेव," तुम्ही मला बजावलंत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मीही निर्लज्जपणे तेच सांगत आले. तुम्ही त्यानंतर कितीतरी वर्षं होतात, रोज समोर बसत होतात, तेव्हा मी तोंड उघडलं नाही. आता हा कागद टाकायचा कुठे? खणातच राहील. भीतीपोटी गप्प बसले, अशी समजूत मी स्वतःची घालत आले. पण सर, बाई 'चुकलं' म्हणाल्या ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.