लघुलेखिकेची लघुशंका

६ जानेवारी, सोमवार

वर्षभरातलं चौथं युरिन इन्फेक्शन आजपासून इतिहासजमा. डॉक्टरबाईंनी या वेळी नेहमीच्या पाच दिवसांच्या कोर्सवर पुढचीही सोय केली. रोज रात्री जेवणानंतर एक छोटी गोळी, सहा महिने. झाल्यावर नाही, होऊच नये म्हणून. मला पटलं. मी शिस्तीची बाई आहे.

त्या बरंच काही सांगत होत्या. सवयीने सगळं शॉर्टहँडमध्ये उतरवून घेतलं. म्हटलं, सव्वीस वर्षं कोर्टात स्टेनो आहे, मिनिटाला एकशेवीस शब्द. त्या म्हणाल्या, लिहू नका, ऐका. तरुण आहेत अजून.

संकल्प: गोळी रोज. पाणी दिवसाला दोन लिटर. दर दोन-तीन तासांनी जाऊन यायचं, धरून ठेवायचं नाही.

तिसरा संकल्प फक्त सुट्टीच्या दिवशी लागू. लघुलेखिकेला लघुशंका नसते.

८ जानेवारी, बुधवार

गोळी: घेतली. पाणी: सहा घोट.

डॉक्टरबाईंनी माझी जागा पाहिलेली नाही, म्हणून त्या असं बोलतात. न्यायाधीश साहेबांच्या उंच टेबलापुढे खाली माझं छोटं टेबल. डावीकडे भिंत, उजवीकडे साक्षीदाराचा पिंजरा, समोर वकिलांच्या खुर्च्या. मला उठायचं म्हणजे आधी साक्षीदार खाली उतरणार, मग दोन वकील खुर्च्या सरकवणार, मग सगळं कोर्ट वळून बघणार की बाई कुठे निघाल्या. सकाळी साडेदहाला बसलं की दीडला सुटका. पुन्हा अडीच ते साडेपाच. साक्षीदाराला निदान पिंजऱ्याची फळी उचलून बाहेर पडता येतं. माझ्या जागेला तेही नाही.

त्यात सध्या पुलाचा खटला. पादचारी पूल बांधून सातव्या महिन्यात कोसळला, अकरा माणसं गेली. ज्याने सहीनिशी पूल पास केला तो इंजिनिअर आरोपी, आणि त्याने स्वतःच साक्ष द्यायचं ठरवलंय. अशा खटल्यात मध्ये उठणं शोभतं का?

१४ जानेवारी, मंगळवार, सकाळी ७

भयंकर. लघवीचा रंग गडद तपकिरी. कोऱ्या चहासारखा. गोळी ताबडतोब बंद. ह्यांना सांगितलं नाही. हे घाबरट आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरबाईंना फोन करून झापायचं म्हणून त्या दिवशीची वही काढली, पुरावा हाताशी असावा म्हणून. त्यात माझ्याच अक्षरात: या गोळीने लघवीचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होऊ शकतो, घाबरू नका, गोळी बंद करू नका.

फोन केला नाही. नोंद अचूक होती याचं समाधान आहे. शिवाय तीन दिवस शरीराला आराम मिळाला.

२३ जानेवारी, गुरुवार

ह्यांनी दोन आठवड्यांपूर्वी एक बाटली आणली. तिच्यावर स्केचपेनने रेघा मारून तास लिहिलेत: अकरा, बारा, एक. हे शाळेत तीस वर्षं वेळापत्रक करायचे. रिटायर झाले तरी वेळापत्रकाचं खूळ गेलेलं नाही. आता त्यांना एकच वर्ग उरलाय, आणि त्यात मी एकटीच.

आजही संध्याकाळी बाटली रिकामी बघून फार खूश झाले. म्हणाले, बघ, मनावर घेतलं की जमतं.

कोर्टाच्या खिडकीतल्या कुंडीला मी पाणी घालते. रोप दोन आठवड्यांत टरारून वाढलंय. शिपाई म्हणाला, बाई, तुमच्या हाताला गुण आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

ठणठणीत. ना जळजळ, ना कळ. चार आठवड्यांत पूर्ण बरी झाले. बऱ्या माणसाने गोळी कशासाठी घ्यायची हा साधा प्रश्न आहे. तरी एकदम बंद करणार नाही. दिवसाआड. डॉक्टरांचाही मान राहील, माझाही.

रात्री ह्यांनी विचारलं, गोळी घेतलीस का गं. मी हो म्हटलं. हे खोटं नाही. त्यांनी कोणत्या दिवसाची ते विचारलं नव्हतं. उलटतपासणीत असा प्रश्न टिकत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

इंजिनिअरची साक्ष. हा माणूस दर उत्तराआधी चष्मा पुसतो. प्रेक्षकांत पहिल्या बाकावर करड्या स्वेटरची एक बाई रोज बसते. तिची धाकटी बहीण पुलावर होती. हात मांडीवर ठेवून बसते, हलत नाही, रडत नाही.

बाराच्या सुमाराला मी जरा पाय घट्ट जुळवून बसले होते. शिपाई वाकून कानात म्हणाला, बाई, साहेबांना दहा मिनिटांची सुट्टी मागू का? मी त्याच्याकडे असं बघितलं की तो थेट दारापर्यंत गेला.

माझ्या आधी इथे जे स्टेनो होते ते सारखे उठायचे. चांगला माणूस, हात उत्तम. पण अख्खं कोर्ट त्यांना नळ म्हणायचं. निरोप समारंभातल्या भाषणातसुद्धा एका वकिलाने म्हटलं, आणि सगळे हसले. तेही हसले. मी टाळ्या वाजवत होते आणि मनात ठरवलं, आपण नाही. सव्वीस वर्षांत एकदाही माझ्यामुळे कोर्ट थांबलेलं नाही. हे सगळ्यांना माहीत असणारच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ह्यांनी गोळ्या मोजल्या. गुन्हेगार घरात असल्यासारखं कपाट तपासतात! बारा जास्त निघाल्या. मी म्हटलं, कोर्टात चौदाशे खटल्यांचा बॅकलॉग असतो, माझा बाराच गोळ्यांचा आहे. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, मागच्या वेळी थंडी वाजून तू कशी पडली होतीस ते मी बघितलंय, तू नाही बघितलंस.

उगाच मनाला लावून घेतात. बॅकलॉग कमी करायला एकदम तीन घेतल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळपासून मळमळ, दोन उलट्या. म्हणजे औषध मला मानवत नाही. हे सिद्ध झालं. डॉक्टरबाईंना कळवायला हवं. सवडीने.

तोवर गोळ्या बंद. स्ट्रिप पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय, म्हणजे घरी मोजणी नको.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

किंचित जळजळ. खुर्चीची नवी गादी रेक्झिनची आहे, त्याने होत असणार. घरची उशी घेऊन जायची.

संध्याकाळी घरी आल्या आल्या लिटरभर पाणी एका दमात. दिवसभराचा कोटा पूर्ण. उगाच घोटघोट कशाला?

५ मार्च, बुधवार

पाठ दुखतेय, उजवीकडे बरगड्यांच्या खाली. उशी फार मऊ आहे.

उद्या इंजिनिअरची मुख्य उलटतपासणी. मेलेल्यांच्या बाजूच्या वकीलबाई त्याला तड्याबद्दल विचारणार. पूल सुरू करायच्या आधीच खांबाला तडा होता आणि याला तो दिसला होता, असं त्यांचं म्हणणं. सगळा खटला त्यावर आहे. अशा दिवशी रजा टाकणं शक्यच नाही. माझ्याऐवजी बसवतील ती मुलगी मिनिटाला ऐंशी शब्दसुद्धा घेत नाही.

योजना: सकाळपासून पाणी बंद. बाकी सगळं मनावर असतं.

६ मार्च, गुरुवार, सकाळी ९

ताप १०१. तापाची गोळी घेतली. हे म्हणाले, जाऊ नकोस. दारात आडवे उभे राहिले. म्हटलं, आजचा दिवस, उद्या नक्की डॉक्टर. माझा शब्द आहे. बाजूला झाले बिचारे.

१० मार्च, सोमवार, हॉस्पिटल

हाताला सलाइन आहे म्हणून अक्षर असं. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलं होतं. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. स्टूल ओढून बसल्या आणि विचारलं, गोळ्या किती दिवस घेतल्या? मी म्हटलं, साधारण. त्या म्हणाल्या, साधारण म्हणजे किती? हे खिडकीबाहेर बघत होते. मी आकडा सांगितला. बरोबर आकडा. सांगताना पर्समधली स्ट्रिप ह्यांच्याच हातात होती, म्हणून.

त्या दिवशीचं लिहून ठेवते. तिथे काय झालं ते माझ्याशिवाय दुसरं कोण लिहिणार, असं वाटतं. खरं म्हणजे सगळ्यांना माहीत आहे.

बारा पन्नास. दीडला सुट्टी. मी चाळीस मिनिटं मोजत होते. हात चालू होता, तो नेहमीच चालू असतो. अंगात थंडी भरली होती आणि पोटाखाली कुणीतरी तापलेली सळई धरल्यासारखं. वकीलबाईंनी विचारलं, तडा तुम्हाला पूल सुरू करायच्या आधी दिसला होता की नाही? इंजिनिअरने चष्मा काढला. काहीतरी म्हणाला. हळू, एकच शब्द. लगेच त्याचे वकील हरकत घेत उठले. वकीलबाई म्हणाल्या, हा हो म्हणाला. ते म्हणाले, छे, "हो?" असं विचारलं, प्रश्न कळला नाही म्हणून. दोघं एकमेकांवर ओरडायला लागले. साहेब फाइलमध्ये बघत होते, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, स्टेनो, उत्तर वाचा.

कोर्ट एकदम शांत. या क्षणासाठीच मला तिथे बसवलेलं असतं.

मी प्रश्न वाचला, अक्षरशः बरोबर. मग उत्तर वाचलं: अजून चाळीस मिनिटं.

आधी कुणाला कळलं नाही. मग मागे कोणीतरी हसलं, मग बरेच जण. करड्या स्वेटरची बाई हसली नाही. साहेबांनी विचारलं, काय? मी वहीत पुन्हा बघितलं. पुन्हा तेच होतं. माझ्याच हातचं, स्वच्छ, सुवाच्य.

साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. एव्हाना इंजिनिअरला पाणी मिळालं होतं, आणि त्याच्या वकिलांकडे बघायला वेळही. तो म्हणाला, आठवत नाही.

हे मात्र मी घेतलं. आठवत नाही. पूर्णविराम.

मग उठले. परवानगी न मागता, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. कोणी खुर्ची सरकवायच्या आत पिंजऱ्याला धडकून पडले. पुढचं मला आठवत नाही, आणि हे मी इंजिनिअरसारखं म्हणत नाहीये. साडी ओली झाली होती एवढं नंतर ह्यांच्याकडून कळलं. धुऊन आणली होती त्यांनी, घडी करून.

१५ मार्च, शनिवार, घर

साहेब भेटायला आले होते. कोर्टाबाहेर इतके बुटके दिसतात हे माहीत नव्हतं. अवघडून बसले. म्हणाले, बाई, एकदा सांगायचं. मला मधुमेह आहे, दर तासाला जावंसं वाटतं. तुम्ही कधी उठत नाही म्हणून मीही बसून राहायचो. म्हटलं, बाईंना चालतं तर आपणच कशाला.

सव्वीस वर्षांच्या विक्रमाबद्दल काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांना तो माहीतच नव्हता. मी किती वर्षं आहे, हेही त्यांनी जाताना विचारलं.

२४ मार्च, सोमवार

पुन्हा रुजू. आता दर तासाला दहा मिनिटं सुट्टी. सगळे भराभर बाहेर पडतात. वकील, साक्षीदार, साहेबसुद्धा आतल्या दाराने. इतक्या सगळ्यांना लागायची?

सकाळी पहिलं काम, सहा मार्चचं कामकाज टाइप करणं. साहेबांनी सांगितलेलं वाक्य: "लघुलेखिकेच्या प्रकृतीमुळे उत्तराची नोंद होऊ शकली नाही, प्रश्न पुन्हा विचारण्यात आला." दोनदा तपासलं. शुद्धलेखनाची चूक नाही. एका वाक्यात सगळं बसलं.

अकराच्या सुट्टीत बायकांच्या बाथरूममध्ये बेसिनपाशी करड्या स्वेटरची बाई होती. आज स्वेटर नव्हता, तरी ओळखलं. आरशातून माझ्याकडे बघून म्हणाली, तो हो म्हणाला होता. मी ऐकलं. तुम्ही तर माझ्यापेक्षा जवळ होता. ऐकलंत ना?

एवढ्या जवळून कोणी मला कधी काही विचारलं नव्हतं. हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं. मलाही.

मी म्हटलं, नाही हो. माझं लक्ष नव्हतं. मी सुट्टीला किती मिनिटं उरली ते मोजत होते.

तिने हात पुसले, नळ माझ्यासाठी चालू ठेवला आणि गेली. दुपारी पुन्हा पहिल्या बाकावर होती. वकीलबाईंचं म्हणणं, अजून दोन साक्षीदार आहेत. बघू.

गोळ्या पुन्हा सुरू, सहा महिने, पहिल्यापासून. डॉक्टरबाईंनी काही लिहून घेऊ दिलं नाही. ह्यांना समोर बसवून सांगितलं.

रात्री जेवणानंतर ह्यांनी गोळी हातावर ठेवली, पाणी दिलं. गिळली. म्हटलं, घेतली. हे म्हणाले, तोंड उघड. मी म्हटलं, अहो, मी एक्कावन्न वर्षांची आहे. ते तसेच उभे राहिले.

उघडलं. जीभ वर करून दाखवली. मग म्हणाले, ठीक आहे, झोप.