ऊसतोडीच्या हंगामातली परीक्षा

८ ऑक्टोबर, बुधवार
परीक्षक आले नाहीत. सकाळपासून पोरं धुतलेल्या कपड्यांत बसून. प्रत्येकापुढे पंपाची एक जळालेली मोटार, तार, वार्निश, सगळं मांडलेलं. दुपारी पुण्याहून मोबाइलवर संदेश: अपरिहार्य कारण. कोणतं, ते नाही.
जळालेलं तारेचं वाइंडिंग काढायचं आणि मोटार नव्याने भरायची, एवढंच शिकवलं चार महिने. शिकले. आता ते शिकले असं लिहून द्यायला माणूस नाही.

१० ऑक्टोबर
बीडला आमच्या प्रशिक्षण संस्थेच्या सचिवांना फोन. नवी तारीख १८ नोव्हेंबर.
म्हटलं, साहेब, तेव्हा तेलगावात कोण असतं? दिवाळी झाली की माझी निम्मी पोरं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात.
"तारीख पोर्टल देतं, मॅडम. माझ्या हातात काय?"
मग पोर्टलला सांगा.
"तुम्ही थांबवून धरा ना पोरांना. मुख्याध्यापिका होतात, तुमचा धाक असेल."
धाक! टोळीच्या मुकादमापुढे माझा धाक म्हणजे... जाऊ दे. बी.पी.ची गोळी घेतली.

१३ ऑक्टोबर
गेवराईहून पंप दुरुस्ती केंद्राचे मालक आले. यंदा पुरात बुडालेल्या मोटारींचा ढीग पडलाय, भरायला माणूस मिळत नाही. परराज्यातून आणलेला कारागीर सणाला गेला तो गेलाच.
सुवर्णाला काम करायला बसवलं. माझ्या तुकडीतली सगळ्यात चांगली. मालक मागे उभे. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? पोरगी म्हटल्यावर मी नुसता चहा प्यायला आलो होतो."
म्हटलं, चहा झाला. आता बोला.
घेतो म्हणाले. पण गॅरंटीतल्या मोटारीला हात लावायचा तर कंपनी प्रमाणपत्र मागते. ते आणा, नोव्हेंबरअखेरपर्यंत जागा राखतो. पुढे नाही.
सु. दारापर्यंत गेली नि परत आली. "बाई, गेवराईला सकाळची यष्टी किती वाजता हाय?"
अजून परीक्षा व्हायचीय, हे बजावलं. उगाच बजावलं.

१७ ऑक्टोबर
सुवर्णाचा थोरला भाऊ बाळू आला. चपला बाहेर काढल्या, आवाज मात्र चढवूनच आत.
कोयता म्हणजे जोडी. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. बाळूची बायको नुकती बाळंत झालेली. तिच्या जागी बहिणीला नेतो म्हणतो.
"मुकादमाला पुरा कोयता बोललोय, बाई. अर्धा कोयता घिऊन गेलो तर गाडीत चढू द्यायचा न्हाई त्यो."
दुसरा जोडीदार बघ.
"जोडीदार काय पान्यानं बसवायचा नट हाय का? तुमच्या बीडच्या सायबाला द्या धाडून. त्यो तोडील, मी मोळ्या बांधतो."
हसू दाबलं. परीक्षा एका दिवसाची तर आहे, म्हटलं.
"मंग ती ज्या दिशी व्हायाची त्या दिशी कावून झाली न्हाई?"
 प्रश्न सचिवांसाठी वहीत उतरवून घेतला.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
सु. फराळ घेऊन आली. म्हटलं, परीक्षा होईपर्यंत माझ्याकडे राहा. मागची खोली रिकामी आहे. बाळूचं मी बघते.
खाली बघत म्हणाली, "मी ऱ्हायले तर भाऊ वहिनीला नेईल, बाई. वल्या बाळंतिणीला फडात. तान्हं बी संगंच."
 चिडले. कुणावर, ते ठरेना. मग तिलाच म्हटलं, करंज्या तेलकट झाल्यात.
झाल्या नव्हत्या.

२७ ऑक्टोबर
बीड. सचिवांच्या खोलीबाहेर ताटकळत. आत गेले तर घाई त्यांनाच. "बरं झालं आलात. नवी तुकडी याच आठवड्यात सुरू करायची. नावं द्या."
नोव्हेंबरात? तेलगावात?
"मार्चअखेर उद्दिष्ट पुरं करायचंय, मॅडम."
म्हटलं, यंदा भांडून जूनची तुकडी मिळवली ती कशासाठी? टोळ्या गावात असताना शिकतील आणि निघायच्या आत परीक्षा होईल, म्हणून. तीच परीक्षा तुम्ही हंगामात ढकललीत. सगळ्या अभ्यासक्रमांचं वर्ष मार्चला संपतं, माझ्या गावाचं वर्ष कारखान्याचं धुराडं पेटलं की बदलतं.
"मुद्दा चांगला आहे." लिहून घेतला. दर वर्षी लिहून घेतात.
जिन्यात त्यांच्या कचेरीतल्या बाईंनी गाठलं. हळूच म्हणाल्या, परीक्षार्थी दुसऱ्या केंद्रावर बदलून मागता येतो. तिथल्या केंद्राने होकार दिला पाहिजे, एवढंच.
सचिवांना हे माहीत नव्हतं? की होतं?

२९ ऑक्टोबर
बाळूची टोळी सांगली जिल्ह्यात जाणार. त्या भागातलं केंद्र शोधलं, अर्ज टाकला. "प्रलंबित." इतरांचेही टाकतेय, ज्यांच्या टोळीचा ठिकाणा लागेल त्यांचे.
तिकडे फोन केला. उचलणारा म्हणाला, "तुमच्याकडची माणसं इकडं ऊस तोडायला येतात. परीक्षेला कशी काय?"
म्हटलं, हात तेच आहेत. होकार द्या.

१ नोव्हेंबर
टोळी गेली. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, शेळ्या, माणसं. सु. वर बसलेली, वहिनी बाळाला घेऊन खाली, निरोप द्यायला.
बाळूला पुन्हा सांगितलं, अठरा तारीख. एकच दिवस.
"बघू, बाई. उसाची गाडी भरायची पाळी आली तर माझ्या हातात काय ऱ्हाणार?"
कुणाच्याच हातात काही नसतं. सगळं आपोआप होतं.
केबिनमधून मुकादम ओरडला, "ओ म्याडम, चला की! जागा हाय!" ट्रक हसला. सु. हसली नाही.
म्हटलं, येते. आधी तुझ्या पोरींची नावं माझ्याकडे घाल.
त्याने हॉर्न वाजवला.

५ नोव्हेंबर
नव्या तुकडीचं उद्घाटन. खुर्च्या भरायला म्हातारी माणसं आणि सुट्टीवरची शाळकरी पोरं. सचिवांनी "कौशल्यातून रोजगार" यावर भाषण केलं. एक आजोबा झोपले. फोटोत ते प्रशिक्षणार्थी.
सांगलीचा होकार नाही.

१४ नोव्हेंबर
होकार आला! प्रवेशपत्रही. सुवर्णाचा फोन बंद. बाळूचा लागत नाही.
गेवराईचे मालक: "बाई, मोटारी वाढत चालल्यात. एक पोरगा आलाय विचारायला, प्रमाणपत्रवाला." त्याला मोटार भरता येते का, विचारलं. "नाही. पण कागद आहे."
म्हटलं, तारीख पाळा. तुम्ही शब्द दिलाय.

१७ नोव्हेंबर
संध्याकाळी बाळूचा फोन लागला. उद्या सकाळी परीक्षा, केंद्राने होकार दिलाय, ओळखपत्र घेऊन जायचं, सगळं एका दमात सांगितलं.
"बाई, उद्या गाडी भरायची पाळी हाय आमची."
 
मागून सुवर्णाचा आवाज. "बाई हायत का? कुठल्या गावाला जायाचं, इचार."
त्याने विचारलं नाही. पण फोनही ठेवला नाही. मी गावाचं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं, स्टँडच्या मागे म्हणून खूणही सांगितली. तिकडे मोळ्या टाकल्याचा आवाज, कुणाच्या तरी शिव्या, मग रेंज गेली.
पुन्हा लावला नाही. उद्या दुपारपर्यंतही लावणार नाही. परीक्षेला बसताना फोन बंद ठेवायचा, हे मीच शिकवलंय.