राजाने तलवार खाली ठेवली न्हाय

प्रिय नवशा,

दोन गोणी तांदूळ भिजवले होते आम्ही बायकांनी, ते तुझ्या ध्यानात तरी हाय का? सोंगातल्या राजाने तलवार खाली ठेवल्याशिवाय गावजेवणाच्या हंड्याखाली जाळ लावायचा न्हाय, ही आपली रीत. आणि राजा कोण, तर तू. तू तसाच जरीचा कोट आणि लावलेल्या मिश्या घेऊन मोटारसायकलवर बसलास आणि तलवारीसकट कशेळीला निघून गेलास. गाव उपाशी घरी गेला. दुसऱ्या दिवशी तांदूळ आंबले, ते म्हशींना घातले. वर्ष होत आलं तरी नळावर बाया विचारतात, कमळे, तुझा भाऊ लढाईवरून परतला का गं? तू मोबाईल उचलत न्हायस म्हणून चौथी शिकलेली मी कागद घेऊन बसलेय. चुका काढू नको.

दामूदादाचं चुकलं, हे मी पण म्हणते. तुला न विचारता त्याने बाबांचं शेत गोडाऊनवाल्याला विकलं. मी त्याच्या तोंडावर बोलले, महिनाभर त्याच्या घरचा चहा घेतला न्हाय. पण भांडायचं तर घरात भांडायचं होतंस. तो देवळासमोर हरलेला भाऊ होऊन गुडघ्यावर बसलेला, मान खाली घातलेली, आणि तू पाठ फिरवलीस.

बाबा राजा व्हायचे ते आठव. लढाईत नुसता खणखणाट, पोरांच्या शिट्ट्या. ते काय, कोणीही करील. तो राजा सात-आठशे वर्षांमागचा, नाव कुणाला ठाऊक न्हाय. सगळा खाडीकाठ जिंकला, उरली फक्त भावाची मान. तिथे बाबा तलवार उचलून थांबायचे. इतके थांबायचे, की रंगूबाई मागून ओरडायची, ठेव रे मेल्या आता, भात कधी शिजायचा? सगळे हसायचे. मग बाबा तलवार खाली ठेवायचे, भावाला हात धरून उठवायचे, आणि कोणी हसायचं न्हाय. त्यानंतर तो राजा कुणाशीच लढला न्हाय म्हणतात. बाबांनी ते काम तुला दिलं, मोठ्याला दिलं न्हाय. दादाने कधी तोंड वाकडं केलं का?

रविवारी गावकी बसली. तुळशीरामकाका म्हणाले, राजा बदला, तो भावेश उंचापुरा हाय, त्याला घ्या. दादा उठून म्हणाला, राजा नवशाच, आणि त्याच्यासमोर बसणार मीच. न्हायतर सोंग बंद करा. मग राजा तूच ठरलास.

आता एक ऐक, जे तुला कोणी सांगितलं न्हाय. दादाचे गुडघे गेलेत. गेल्या साली तू निघून गेल्यावर त्याला उठताच येईना. वहिनीने आणि मी दोन्हीकडून धरून उभा केला. लोकांना वाटलं, सोंगातलंच हाय. आता डॉक्टरने जमिनीवर बसायचं न्हाय म्हणून बजावलंय, तरी तो बसणार. आम्हा दोघींना ताकीद दिलीय, कोणी हात लावायचा न्हाय, नवशा उठवील. तू आला न्हायस तर तो तिथेच बसून राहील, त्याचा हट्ट तुला माहीत हाय. तलवार घेऊन येणार की न्हाय, ते गुरुवारपर्यंत कळव. शुक्रवारी मला तांदूळ भिजत घालायचेत.

तुझीच,
कमळाआक्का